हवा पंपावर भरायची की घरी?

टायरमध्ये हवा बरोबर ठेवली की इंधन आणि टायर दोन्ही वाचतात, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. अडतं ते पुढे. ही हवा भरायची कुठे? पेट्रोल पंपावर फुकट किंवा किरकोळ पैशांत, की घरी इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचं छोटं विजेवरचं मशीन, आणून? मी दोन्ही करून बघितलंय आणि आता इन्फ्लेटरवर स्थिरावलोय. त्यामुळे पारडं थोडं तिकडे झुकलेलं दिसलं तर समजून घ्या.

बचत किती, ते आधीच सांगतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने चारही टायरमधली हवा सरासरी १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप, बोलीत ‘पॉइंट’) उतरली की मायलेज ०.२ टक्क्याच्या आसपास घटतं. म्हणजे ५ पीएसआय कमी असेल तर १ टक्का. एवढ्यावर कुणी माड्या बांधत नाही. जास्त पैसा अडकलेला असतो टायरमध्येच. कमी हवेवर पळालेल्या टायरच्या दोन्ही कडा गोटा होतात, आणि मधली नक्षी शाबूत असूनही तो काढून टाकावा लागतो. उलट हवा जास्त भरली की मधला पट्टा आधी झिजतो, शिवाय रस्त्यावरची पकड कमी होते. ‘दोन पॉइंट जास्तच मारा, ॲव्हरेज वाढेल’ हा सल्ला म्हणूनच मी ऐकून सोडून देतो.

आता पंप. तिथला कॉम्प्रेसर दणकट असतो, काम झटपट होतं आणि स्वतःला वाकावं लागत नाही. रोजच्या वाटेवर पंप असेल तर वेगळा फेराही पडत नाही. रांग, बंद पडलेलं मशीन, एका पंपावर एक आकडा आणि दुसऱ्यावर दुसरा, हे सगळं मी चालवून घेत होतो. एक गोष्ट मात्र काही केल्या पटेना.

गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली, किंवा जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललेली. आणि पंपावर तर गाडी चालवतच न्यावी लागते! समजा स्टिकर ३३ म्हणतोय आणि सकाळी घरी टायरमध्ये बरोबर ३३ आहे. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून तोच आकडा ३६-३७ दाखवतो. हवा भरणारा विचारतो, ‘किती?’ तुम्ही म्हणता ३३. तो फुस्स करून जास्तीची हवा सोडून देतो, टोपण लावतो आणि पुढच्या टायरकडे वळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड झाला की त्यात २९-३० उरलेलं असतं. पैसे वाचवायला म्हणून गेलो आणि होती ती चांगली हवा काढून आलो, असा हा प्रकार. गरम टायरला तीन-चार पॉइंट वाढवून सांगावेत हा उपाय आहे, मी तोही करायचो. पण टायर नेमका किती तापलाय याचा अंदाज दर वेळी वेगळा, आणि हवा भरणाऱ्याशी त्यावरून हुज्जत घालायची ती वेगळीच.

घरी हा घोळच नाही. सकाळी गाडी हलवण्याआधी नळी जोडायची, आकडा लावायचा, मशीन आपोआप थांबतं. माझ्या अनुभवात तरी टायर आता कडांपासून मध्यापर्यंत सारखे झिजतायत. तराजू लावून मोजलेलं नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

इन्फ्लेटरची कटकट नाही असं नाही. आवाज इतका की पहाटे लावला तर शेजारी उठतील. सलग दहा-पंधरा मिनिटं चालवला की त्याला विश्रांती द्यावी लागते. स्क्रूची नळी काढताना थोडी हवा निसटते, म्हणून मी आकडा एखाद्या पॉइंटने वर ठेवतो. बॅटरीवाला घ्यावा की गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा? बॅटरीवाला सुटसुटीत आहे, पण डिकीत पडून राहिलेली बॅटरी ऐन वेळी उतरलेली निघते. मी वायरवालाच घेईन. फक्त वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते घेण्याआधी बघा.

पायाने मारायचा पंप? स्वस्त आणि टिकाऊ. चार टायर करताना घाम निघतो, पण ज्यांना चालेल त्यांनी हवा मोजायचा वेगळा चांगला गेज घेऊन तोच वापरावा. टायर तिथेही थंडच असतात. हवेऐवजी नायट्रोजन भरायचं मात्र फारसं मनावर घेऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

डॅशबोर्डवर टायरचा दिवा आहे म्हणून निश्चिंत असाल तर एक लक्षात घ्या. अमेरिकी नियमात तो दिवा लागण्याची मर्यादा शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी हवा ही आहे, म्हणजे ३३ च्या जागी २५ च्याही खाली. तिथवर जाईतो कडा झिजतच असतात.

पंप घरापासून हाकेच्या अंतरावर असेल आणि सकाळी पहिलं काम तेच करत असाल, तर इन्फ्लेटरवर खर्च करू नका, खिशात एक गेज ठेवा. बाकीच्यांना मी तरी इन्फ्लेटरच सुचवेन.