‘अ ब्रिज टू फार’: पुलाची नव्हे, शिपायांची कहाणी

कॉर्नेलियस रायनचं हे पुस्तक १९७४चं. विषय आहे दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मध्ये, दोस्त राष्ट्रांनी जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये काढलेली ‘मार्केट गार्डन’ मोहीम. छत्रीधारी सैनिकांनी पूल काबीज करायचे आणि रणगाड्यांनी एकाच अरुंद रस्त्याने आर्नहेम गाठायचं, असा बेत होता. तो का फसला हे रायन नेमकं दाखवतो: उतरण्याची मैदानं आर्नहेमच्या पुलापासून दहा-बारा किलोमीटर लांब, विमानं अपुरी म्हणून सैन्य तीन दिवसांत हप्त्याहप्त्याने उतरलेलं, त्यात वायरलेस ऐनवेळी मुके.

पण पुस्तकाचा जीव आहे साध्या शिपायांत. २० सप्टेंबरला नायमेखेनला अमेरिकन सैनिकांनी भर दिवसा वाल नदी ओलांडली, तीही घडीच्या कॅनव्हासच्या होड्यांतून. वल्ही पुरेनात, तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी कापलं. हे प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो. आर्नहेमच्या पुलाचं उत्तर टोक अख्ख्या ब्रिटिश डिव्हिजनने (सुमारे दहा हजार सैनिकांनी) दोन दिवस धरायचं होतं. ब्रिटिश अधिकारी जॉन फ्रॉस्टच्या सातेकशे माणसांनी ते तीन दिवसांहून जास्त धरलं. डच नागरिक आणि जर्मन सैनिकही इथे माणसं म्हणूनच भेटतात.

पहिला भाग रेंगाळतो आणि तुकड्यांच्या नावांचा गोंधळ उडतो. त्यासाठी नकाशा उघडा ठेवा: दक्षिणेकडून आइंडहोवेन, नायमेखेन, आर्नहेम हा क्रम डोक्यात बसला की वाचन सुरळीत होतं. युद्धकथा आवडणाऱ्यांनी हे घ्यावंच. शेवटची यादी वगळू नका. कोणता सैनिक पुढे काय करत होता ते तिथे आहे.