आईची केमो: परळला की घराजवळ?

मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात निदान झालं, औषधं ठरली, आणि आता घरात एकच चर्चा: केमो परळलाच घ्यायची, की बार्शी, कोल्हापूर, नाशिक असं जे जवळ पडेल तिथे? ‘डॉक्टर कुठला मोठा’ एवढंच बघून हे ठरवू नका, असं मी कळकळीने सांगेन.

सलाईन लागतं त्या दिवशी आजूबाजूला नर्स, डॉक्टर असतात. खरी काळजी पुढची. मळमळ, उलट्या पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतात. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात कमी होतात, आणि तेव्हा आई घरी असते. ताप 100.4 फॅरनहाइटला गेला की गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. लगेच रुग्णालय गाठायचं, कारण अँटिबायोटिक शिरेतून तातडीने सुरू व्हावं लागतं. त्यामुळे रात्री दोन वाजता आईला कोण दाखल करून घेईल, हे आधी विचारा.

परळची जमेची बाजू मोठी आहे. अवघड किंवा क्वचित आढळणाऱ्या कॅन्सरचा अनुभव तिथे आहे, आणि सगळे विभाग एका आवारात. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधाची ॲलर्जी उठलीच तर ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या डोसला उठते, तेव्हा सुरुवात तिथे करण्यात अर्थ आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सवलत. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती. जागेची चौकशी निघण्याआधी करावी. पण रक्ताच्या तपासणीत पेशी कमी निघाल्या की केमो पुढे ढकलतात, आणि अशक्त माणसाला तसंच परत आणावं लागतं. परतीच्या गाडीत उलट्या सुरू झाल्या तर आईचे हाल बघवत नाहीत.

घराजवळ आईला स्वतःचं अंथरुण मिळतं. तोंड आलं असेल तर तिला सोसेल असा मऊ भात, ताक, लापशी वेळेवर देता येते. दर आठवड्याची केमो असेल तर जवळचं केंद्रच झेपतं. तिथे जाऊन एवढं बघा: कॅन्सरचे डॉक्टर रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात? रात्री दाखल करतात का? रक्त, प्लेटलेट कुठून मिळतात? सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत तिथे केमो होते का, हेही रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, पक्कं करून घ्या.

नेहमीची, ठरलेली केमो असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आराखडा मुंबईचा, जमल्यास पहिला डोस तिथे, पुढचे घराजवळ. टाटातल्या डॉक्टरांना संकोच न करता विचारा. औषधं, डोस, तारखा लिहिलेलं पत्र मागा. 2012 साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यात, आपल्या भागातलं कुठलं रुग्णालय आहे, तेही त्यांनाच विचारा.

ॲक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, असेल तर हे गणित बदलतं. सुरुवातीच्या केमोत पेशी कित्येक दिवस वर येत नाहीत, रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. तेव्हा खोली भाड्याने घ्यावी लागली तरी मोठ्या केंद्राजवळच राहा.