रोजच्या गाडीत २६४ अंशांचे कॅमशाफ्ट: काही महिने चालवल्यानंतर

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडर, डबल ओव्हरहेड कॅम, टर्बो नाही. गाडी रोज ऑफिसला जाते, एसी कायम चालू, आणि आरपीएमचा काटा बहुतेक वेळ २००० ते ४०००च्या मध्येच. कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, निवडताना मी याच पट्ट्याकडे पाहिलं. कॅटलॉगमधले २८०च्या पुढचे कॅम मागे ठेवले आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडे २६४ अंशांचे घेतले. हा आकडा म्हणजे ड्युरेशन: क्रँकशाफ्ट किती अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो. "खर्च करतोच आहेस तर मोठेच घे ना," असं म्हणणारे बरेच भेटले.

मोठ्या कॅमचं दुखणं खालच्या आरपीएमला असतं. ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व्ह उघडाच, आणि इंजिन सावकाश फिरत असेल तर आत आलेली हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ती जिथून आली त्या नळ्यांत, जाते. ६०००ला हवेला इतका वेग असतो की ती आपल्याच जोरावर आत घुसत राहते, तिथे हाच उशीर कामी येतो.

दुसरा मुद्दा ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ. माझ्या जोडीचा हिशोब असा: दोन्ही ड्युरेशनची बेरीज ५२८, तिचा चौथा हिस्सा १३२, त्यातून लोब सेपरेशनचे (दोन कॅमच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत) ११० वजा केले की २२, आणि त्याची दुप्पट ४४ अंश. २८८च्या जोडीला हेच ६८ भरतात. एवढ्या ओव्हरलॅपला आयडलिंग अडखळतं, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पडतो, ब्रेकचं पेडल जड होऊ लागतं. डबल ओव्हरहेडमध्ये हे ११० कॅमवर कोरलेले नसतात, ॲडजस्टेबल पुलीने लावता येतात. त्या पुल्या घ्याच.

कॅटलॉगमधले आकडे डोळे झाकून ताडून बघू नका. एक कंपनी व्हॉल्व्ह जेमतेम उचलल्यापासून ड्युरेशन मोजते, दुसरी ०.०५ इंच (१.२७ मिलिमीटर) लिफ्टपासून, म्हणजे तेवढ्या उचलीपासून. एकाच कॅमच्या या दोन आकड्यांत ४०-५० अंशांचा फरक सहज पडतो.

बसवताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदलल्या. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून दीडएक मिलिमीटर जागा उरायला हवी. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट मोजायला पिस्टनच्या डोक्यावर चिकणमाती थापून हेड कसलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, मग माती ब्लेडने कापून जाडी मोजली. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटरच्या खाली गेलं की थांबायचं. गंमत म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनच्या सगळ्यात जवळ येतो तो पूर्ण लिफ्टला नव्हे, ओव्हरलॅपच्या आसपास. पुली थोडी हलवली तरी हे माप बदलतं.

ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप, म्हणजे नव्याने सेट, केल्याशिवाय मात्र यातलं काहीच नीट चालणार नाही. आयडल ८०० वरून ९५० वर न्यावा लागला. एसीचा कॉम्प्रेसर लागला की किंचित थरथर जाणवते, सिग्नलला उभं असताना शेजारच्याला कळणार नाही इतकीच. १५००ला गाडी आधीपेक्षा ढिली आहे, तिसऱ्यात रेंगाळलात तर दुसरा टाकावाच लागतो. ३५००च्या पुढे मात्र मस्त ओढते, आणि पूर्वी ६०००ला दम सोडायची ती आता लाल रेषेपर्यंत थकत नाही. ॲव्हरेज शहरात थोडं उतरलं, हायवेला जवळपास तेवढंच.

मेंटेनन्समध्ये टॅपेटकडे, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या भागाच्या फटीकडे, लक्ष ठेवावं लागतं. माझ्या इंजिनात शिम (फट जुळवायच्या चकत्या) आहेत, आपोआप फट जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. परवा फिलर गेज लावला तर एक्झॉस्टचे दोन टॅपेट घट्ट निघाले, शिम बदलल्या. आवाज अजिबात नव्हता. सैल टॅपेट खडखडतो, घट्ट झालेला गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. म्हणून आवाजाची वाट न बघता मापच घ्या.

टायमिंग बेल्टची वेळ आली की इनटेक कॅम क्रँकच्या मापाने दोन अंश पुढे घेऊन बघणार आहे. व्हॉल्व्ह लवकर मिटेल, १५००चा ढिलेपणा थोडा भरून निघेल. ओव्हरलॅप ४६ होईल आणि वरचं थोडं जाईल, ते चालेल. माती मात्र परत थापावी लागणार.