कोड दोन नंबरच्या सिलिंडरचा, बिल अख्ख्या इंजिनाचं

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडरना मिळून 20 व्हॉल्व्ह, 150 अश्वशक्ती. ही गाडी 2004 च्या सुमारास आपल्याकडे आली, तेव्हा एवढ्या ताकदीची सेडान फारशी कुणाकडे नव्हती. आज ती सांभाळणारे थोडे आणि तिचं इंजिन कळणारे त्याहून थोडे. याचाच फायदा घेऊन महामार्गालगतच्या एका गॅरेजने मला 60 हजारांच्या वर लुबाडलं. तक्रार चालू आहे म्हणून गॅरेजचं नाव आणि गाव लिहीत नाही, पण फसवलं कसं ते सगळं लिहितो. कोकणात जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे बरेच आहेत, आणि ही युक्ती कुठल्याही गाडीवर चालू शकते.

भर पावसात परशुराम घाट चढताना गाडी मिसिंग करायला लागली, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनमधून पेटेना. तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला की झटके, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. सपाट रस्त्यावर हळू चालवली तर काही नाही. उभ्या गाडीत इंजिन व्यवस्थित फिरायचं. निम्मं निदान या लक्षणातच होतं, हे मला पुढे समजलं. टर्बो जोरात हवा भरतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि तेवढ्या दाबात प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज तयार करणारी कॉइल (प्रत्येक सिलिंडरला एक) कमजोर असेल किंवा तिचं इन्सुलेशन तडकलं असेल, तर वीज प्लगच्या टोकाशी न जाता वाटेतच बाहेर पळते. म्हणून बिघाड चढावर दिसतो, सपाटीला लपतो.

गॅरेजमालकाने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. पी0302. "बघा साहेब, मी नाही, कॉम्प्युटर सांगतोय. कॉइल गेल्या, इंजेक्टर गेले. एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही, पूर्ण सेट टाकू."

कॉम्प्युटर असं काहीही सांगत नव्हता. पी0300 म्हणजे मिसफायर (मिसिंग) आहे पण एका ठरावीक सिलिंडरचा नाही. पी0301 ते पी0304 मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक स्फोटानंतर क्रँकशाफ्टला (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याला) जो धक्का मिळायला हवा तो मिळाला का, एवढंच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजतो. दोन नंबरच्या पाळीला क्रँक मंदावला, म्हणून पी0302. तो कॉइलमुळे मंदावला, प्लगमुळे, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमुळे की व्हॉल्व्ह गळल्यामुळे, हे त्या कोडवरून कळत नाही. ते माणसाने शोधायचं असतं, आणि मजुरी त्या शोधण्याचीच असते.

चार कॉइल, चार इंजेक्टर, चार प्लग असं बिल झालं. मी पक्कं बिल मागितलं. मालक कुरकुरला, पण जीएसटी नंबरासकट दिलं. घाटात गाडी पुन्हा तशीच झटके मारायला लागली. परत नेली तर म्हणाला, "आता कॅट जाम झालाय, तो काढल्याशिवाय पिकअप येणार नाही." ग्राइंडरने कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापून जागी सरळ पाइप वेल्डिंग केला. जुना तुकडा मागितला, तर "भंगारवाला घेऊन गेला" हे उत्तर. त्या भंगारात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असतं. म्हणूनच कंपनीचा जुना कॅट विकत घेणारे लोक असतात, आणि तो गाडीमालकाच्या हाती परत पडत नाही. माझ्याकडून कापण्याचे पैसे घेतले आणि माझीच वस्तू ठेवून घेतली. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एवढं होऊनही झटके थांबले नाहीत. मग हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावं लागेल, हेड पॅकिंग गेलंय, असं सुरू झालं. तिथून मी गाडी उचलली आणि टोइंग करून चिपळूणला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. हयात पेट्रोल गाड्यांमध्ये गेलेला माणूस. मी सगळं सांगत गेलो, ते बिल वाचत होते. मग म्हणाले, "कोड दोन नंबरचाच येतोय ना? मग कॅटला कशाला हात लावला यांनी? कॅट एकट्या दोन नंबरचा आहे काय?"

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच. कॅट, पेट्रोल पंप, एअरफ्लो सेन्सर या चारही सिलिंडरच्या सामाईक वस्तू आहेत. त्या बिघडल्या तर अख्खं इंजिन दमतं. कोड सतत एकाच सिलिंडरचा येत असेल, तर आधी त्या एका सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तू तपासायच्या. कॅट कधीच जाम होत नाही असं मुळीच नाही. मिसफायर चालू ठेवून गाडी दामटली, तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. दिवा लुकलुकतो तो यासाठीच. तेव्हा ताबडतोब पाय सैल करावा. पण कॅट खरंच जाम आहे का, हे त्याच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावलं की कळतं. कापायच्या आधी हे करता येतं. माझ्या गाडीवर कुणी केलं नाही.

मिस्त्रींनी दोन नंबरची कॉइल काढून तीनवर बसवली, तीनची दोनवर. कोड पुसला. मला शेजारी बसवून गाडी चढावर नेली. दिवा लागला. या वेळी पी0303. बिघाड कॉइलबरोबर सरकला होता. या चाचणीला एक रुपयाचा पार्ट लागत नाही. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती साठतो ते) तपासलं, चारही सिलिंडरचं जवळपास सारखं. हेडला काही झालेलं नव्हतं.

कॉइल हातात घेतल्यावर बाकीचं उघडं पडलं. "नवी" कॉइल थिनरने पुसलेली जुनीच होती. गाडी घेतली तेव्हा मी इंजिनाचे फोटो काढले होते. त्यातल्या दोन नंबरच्या कॉइलवरचा अर्धा फाटलेला स्टिकर आणि हातातल्या कॉइलवरचा स्टिकर एकच. तिच्या पाठीवरच्या लाखेला बारीक तडा, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज. खारी दमट हवा आणि वीस वर्षांचं वय, एवढं कारण पुरेसं आहे. शिवाय टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपून प्लगच्या खड्ड्यात साचलं होतं, त्यात कॉइलचं रबर फुगून मऊ पडलं होतं. इंजेक्टरना तर कुणी हातच लावला नव्हता. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या फ्युएल रेलच्या बोल्टवर जुन्या धुळीचा अखंड थर होता. प्लग तेवढे बदललेले होते.

एक कॉइल, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कनेक्टरची सफाई. गाडी परशुराम घाट एका दमात चढली.

मिस्त्रींनी काय दिसलं ते त्यांच्या बिलावर लिहून सही करून दिलं, मी प्रत्येक गोष्टीचा फोटो घेतला. हे सगळं घेऊन गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मालक आधी चढ्या आवाजात बोलला. त्याच्याच पक्क्या बिलावरची "इंजेक्टर सेट" ही ओळ दाखवल्यावर आवाज उतरला. इंजेक्टरचे पैसे त्याने परत केले. कॉइलचे आणि कॅटचे दिले नाहीत. नवा कॅट घालायचा खर्च माझ्या अंगावर आहे, आणि तो न घालता फिरणं मला पटत नाही.

तुमच्याबाबतीत असं घडत असेल तर गाडी सोडतानाच जॉब कार्डवर "काढलेले सर्व पार्ट परत द्यावेत" असं लिहून घ्या आणि सही घ्या. त्यांच्या हातात जाण्याआधी कॉइल, इंजेक्टर आणि कॅटचे जवळून फोटो काढा. एका सिलिंडरचा कोड असेल तर कॉइलची अदलाबदल तुमच्यासमोर करायला सांगा. जो टाळतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, पार्ट नंबरासकट पक्कं बिल घ्या. फसवले गेलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील द्यायलाच हवा असंही नाही. मी माझी तक्रार स्वतः लिहून दाखल केली आहे. सोबत दोन्ही गॅरेजची बिलं, फोटो आणि ती तडकलेली कॉइल पिशवीत घालून ठेवली आहे, कारण सुनावणीला मूळ वस्तू मागितली जाऊ शकते.