एलईडी बल्ब: चिप टिकते, ड्रायव्हर दगा देतो

9 वॅटचा चांगला एलईडी बल्ब 800 ते 900 ल्युमेन उजेड देतो, म्हणजे तारेच्या 60 वॅटच्या बल्बाइतका किंवा थोडा जास्तच. उजेडाबद्दल तक्रार नाही. खोक्यावरच्या 25,000 तासांवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. तो आकडा बहुधा उजेड मूळच्या 70 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो आणि त्यामागची चाचणी मोकळ्या हवेतली असते. घरात बल्ब कुठे कोंडला जाणार, हे खोक्याला काय माहीत?

आधी मरतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर, म्हणजे उजेड देणाऱ्या चिपांना मेनची वीज हवी तशी करून देणारं बल्बातलं सर्किट. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रव उष्णतेने सुकत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येतं. बंद काचेच्या ग्लोबमध्ये टोपी (होल्डरमध्ये बसणारा धातूचा भाग) वर ठेवून लावलेल्या बल्बाची सगळी गरम हवा नेमकी ड्रायव्हरभोवती साचते. अशा जागी 9 ऐवजी 5 किंवा 7 वॅटचा बल्ब लावावा, नाहीतर बंद शेडसाठी चालतो असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेला घ्यावा. उघड्या शेडमध्ये तोच बल्ब कितीतरी जास्त टिकतो. लावताना टोपीवर मार्करने तारीख लिहून ठेवली, तर वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही.

स्वस्त बल्बांत ड्रायव्हर चिपच्याच पाटीवर असतो आणि सगळ्या चिप एका माळेत जोडलेल्या असतात. एक जळाली की अख्खा बल्ब अंधारतो. पांढरं झाकण काढलं, तर पिवळ्या चिपवर बारीक काळा ठिपका दिसतो. ती चिप शॉर्ट करून बल्ब पुन्हा पेटवता येतो खरा, पण तिच्या वाट्याचं व्होल्टेज ड्रायव्हरमधल्या करंट सांभाळणाऱ्या आयसीवर येतं आणि तोही तापून जातो. शिवाय त्या पाटीवर थेट मेनचा करंट खेळत असतो. हा उद्योग न केलेलाच बरा.

दिवा लुकलुकला की लगेच बल्बाला दोष देऊ नये. ठराविक अंतराने चालू-बंद होत असेल, तर ड्रायव्हर संपत आलाय. डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटनावर) असेल, तर त्यासाठी न बनवलेला, म्हणजे डिमेबल नसलेला बल्ब लुकलुकणार किंवा गुणगुणणारच. चरचर आवाज येत असेल आणि टोपीच्या तळाचे टिपके काळे पडले असतील, तर होल्डरच्या पिनांची स्प्रिंग ढिली झाली आहे. तिथे नवा बल्बही लवकरच जाईल, म्हणून मेन बंद करून होल्डरच बदलावा.

बटन बंद केल्यावरही बल्ब मिणमिणतो, त्याचं नेहमीचं कारण बटनातला निऑन इंडिकेटर, म्हणजे बटनावरचा बारीक दिवा. त्याने बिघडत काही नाही. पण बटन चुकून न्यूट्रलवर जोडलं असेल, तर होल्डरमध्ये फेज कायम जिवंत राहते. इलेक्ट्रिशियनकडून आधी तेवढं तपासून घ्यावं.

झुंबरात एकच बल्ब बदलला तर तो उपरा दिसतो, कारण बाकीचे मंदावलेले आणि त्यांची झाकणं पिवळसर झालेली असतात. सगळे एकदम बदलावेत. 2700 केल्विनचा पिवळसर आणि 6500 केल्विनचा पांढरा उजेड एकत्र करू नये. स्वयंपाकघरात आणि आरशापाशी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं 100 पैकी माप) 90 असलेला बल्ब लावला तर रंग खरे दिसतात.

जुने सीएफएल उरले असतील तर ते बाथरूममध्ये नकोत, दर वेळी पेटताना त्यांच्या फिलामेंटवरचा लेप झिजतो. फुटला तर खिडक्या उघडाव्यात आणि व्हॅक्यूम क्लीनर लावू नये, कारण आत पारा असतो.