नोड-कॉन्फिग: आठ-नऊ महिने प्रॉडक्शनवर चालवल्यानंतरचा अनुभव

आमच्या नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) बॅकएंडमध्ये सेटिंग्ज ठेवायची पद्धत बहुतेकांची असते तीच होती: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची एक डॉटएन्व्ह फाइल आणि कोडमध्ये जागोजागी ते वाचणारं प्रोसेस डॉट एन्व्ह. एकच सर्व्हिस होती तोवर त्याचा त्रास झाला नाही. पुढे एपीआय, क्यूमधली कामं उरकणारा वर्कर आणि रात्री ठरलेल्या वेळी चालणारे क्रॉन जॉब असे तीन भाग झाले. मग कुठला व्हेरिएबल कोण वाचतंय, हे सगळ्या कोडमध्ये ग्रेप मारून शोधल्याशिवाय कळेना. तेव्हा सेटिंग्ज एका जागी ठेवणारं नोड-कॉन्फिग घेतलं. एनपीएमवर या पॅकेजचं नाव नुसतं ‘कॉन्फिग’ असं आहे.

रचना समजायला सोपी आहे. कॉन्फिग नावाच्या फोल्डरात एक डीफॉल्ट फाइल असते. तिच्यावर नोड_एन्व्ह या (अ‍ॅप कुठल्या वातावरणात चालतंय ते सांगणाऱ्या) व्हेरिएबलच्या किमतीप्रमाणे डेव्हलपमेंट किंवा प्रॉडक्शनची फाइल चढते, मग आपल्या मशीनपुरती लोकल फाइल, आणि या सगळ्यांवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. वरच्या फाइलमध्ये फक्त फरक लिहायचा, त्यामुळे आमची प्रॉडक्शनची फाइल एका स्क्रीनवर मावते. फाइल्स याम्ल या फॉरमॅटमध्ये ठेवल्यात (तो वाचणारं जेएस-याम्ल पॅकेज वेगळं टाकावं लागतं), म्हणजे टाइमआउटच्या शेजारीच तो आकडा का निवडला हे कॉमेंटमध्ये लिहिता येतं. ऑब्जेक्ट आतपर्यंत मर्ज होतात, पण अ‍ॅरे मर्ज होत नाहीत, वरचा अ‍ॅरे खालच्याची जागा घेतो. मला हे योग्यच वाटतं. कॉर्सच्या (कुठल्या वेबसाइटना एपीआय वापरू द्यायचं त्या) यादीतला लोकलहोस्ट प्रॉडक्शनमध्ये आपोआप जाऊन बसलेला कोणाला हवाय?

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे गेट, सेटिंग वाचायचं फंक्शन. विचारलेली की (सेटिंगचं नाव) सापडली नाही तर ते सरळ एरर फेकतं. याचं मोल पोस्टग्रेस डेटाबेसच्या कनेक्शन पूलवरून कळेल. प्रोसेस डॉट एन्व्हमध्ये पूलच्या आकाराच्या व्हेरिएबलचं नाव चुकलं की अनडिफाइन्ड मिळतं, पूल ते निमूट स्वीकारतो आणि स्वतःच्या डीफॉल्टवर, म्हणजे 10 कनेक्शनवर चालू राहतो. लॉगमध्ये काही दिसत नाही. लोड वाढला की रिक्वेस्ट अडकायला लागतात, आणि आपण क्वेरी तपासत बसतो.

पण ही एरर ती ओळ चालेल तेव्हाच येते. गेट एखाद्या हँडलरच्या आत असेल तर सर्व्हिस सुरळीत उठते आणि रात्री दोन वाजता तो जॉब चालला की कोसळते. म्हणून आमच्याकडे एकच सेटिंग्ज मॉड्यूल आहे. सगळे गेट तिथेच आणि सर्व्हिस उठतानाच. टाइपस्क्रिप्टला त्या किमतींचे टाइप माहीत नसतात, त्यामुळे त्याच ठिकाणी झॉड या तपासणीच्या लायब्ररीने सगळं तपासून घेतो. इतर कुठल्याही फाइलने कॉन्फिग थेट इम्पोर्ट करायचं नाही, लिंटचा (कोड तपासणारं साधन) तसा नियमच लावलाय. नोड-कॉन्फिगचा खरा उपयोग मला या शिस्तीनंतर झाला. नुसतं पॅकेज टाकून तो होत नाही.

पासवर्ड आणि टोकन फाइलमध्ये अजिबात नाहीत. कस्टम-एन्व्हायर्नमेंट-व्हेरिएबल्स नावाच्या फाइलमध्ये कुठली की कुठल्या व्हेरिएबलमधून भरायची, एवढंच लिहिलंय. डीफॉल्टमध्ये अशा कीसमोर नल लिहू नका. गेटच्या लेखी नल ही वैध किंमत आहे, त्यामुळे एरर येणार नाही. की लिहूच नका. दुसरी काळजी टाइपची. एन्व्हायर्नमेंटमधून येणारं सगळं स्ट्रिंग असतं आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग ट्रूच धरली जाते. त्या कीला जेसन फॉरमॅट लावला की बूलियन आणि आकडे नीट येतात.

आता ज्या गोष्टींनी डोकं खाल्लं त्या. नोड_एन्व्ह सेट नसेल तर हे पॅकेज डेव्हलपमेंट गृहीत धरतं. स्ट्रिक्ट मोड चालू केला तर नोड_एन्व्हमधलं स्पेलिंग चुकल्यावर तो अडवतो, पण व्हेरिएबल मुळातच नसेल तर अडवत नाही, कारण डेव्हलपमेंटला त्यातून सूट दिलेली आहे. माझ्या मते ही या पॅकेजची सर्वांत धोकादायक सवय आहे. आम्ही डॉकरफाइलमध्येच (सर्व्हिसची इमेज बांधायच्या सूचना) नोड_एन्व्ह प्रॉडक्शन करून टाकलंय आणि डेव्हलपमेंटची फाइल इमेजमध्ये जाऊच देत नाही.

शिवाय कॉन्फिगचा फोल्डर शोधला जातो तो प्रोसेस ज्या डिरेक्टरीतून सुरू झाली तिथे. क्रॉन जॉब सुरू होतो यूजरच्या होममधून, त्यामुळे फोल्डर सापडत नाही आणि फक्त एक वॉर्निंग छापली जाते. नोड_कॉन्फिग_डिरमध्ये पूर्ण पाथ द्या, प्रश्न मिटतो.

ट्वेल्व्ह-फॅक्टर या अ‍ॅप बांधणीच्या मार्गदर्शक तत्त्वांचं म्हणणं असं की सेटिंग्जना डेव्हलपमेंट, स्टेजिंग अशा नावांच्या गटात बांधूच नये, प्रत्येक किंमत स्वतंत्र व्हेरिएबल असावी. डिप्लॉय वाढत जातात तसे हे गट आवरत नाहीत, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. आमचं स्टेजिंग उभं करताना त्याची झलक दिसली. एक्सप्रेस या वेब फ्रेमवर्कला नोड_एन्व्ह प्रॉडक्शन हवं, नाहीतर टेम्प्लेट कॅश होत नाहीत आणि एररचा स्टॅक बाहेर दिसतो, पण सेटिंग्ज मात्र स्टेजिंगच्या हव्यात. नोड_कॉन्फिग_एन्व्ह या वेगळ्या व्हेरिएबलने ते सुटलं. मोजके डिप्लॉय असतील तर गट परवडतात. प्रत्येक ग्राहकाला वेगळा डिप्लॉय देत असाल तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

तुमची सर्व्हिस लहान असेल, दहा-बारा व्हेरिएबल असतील, तर हेही नको आणि डॉटएन्व्हचं वेगळं पॅकेजही नको. नोड 20.6 पासून डॉटएन्व्ह फाइल वाचणारा एन्व्ह-फाइलचा फ्लॅग नोडमध्येच आहे, सोबत झॉड घ्या.

पहिल्या गेटनंतर कॉन्फिग बदलता येत नाही. टेस्टमध्ये याचा जाच होतो, म्हणून आमच्या फंक्शनना सेटिंग्ज आर्ग्युमेंट म्हणून देतो. काही लायब्ररी त्यांना दिलेल्या ऑप्शन्समध्ये स्वतःच फेरफार करतात. त्यांना कॉन्फिगच्या युटिलमधल्या टू-ऑब्जेक्टने काढलेली प्रत द्यावी. चालू सर्व्हिसमध्ये बदलाव्या लागणाऱ्या किमतींची, म्हणजे फीचर फ्लॅग, रेट लिमिट वगैरेंची, जागा इथे नाहीच. त्या आम्ही पोस्टग्रेसच्या एका टेबलात हलवल्या, आणि तेव्हापासून कॉन्फिगच्या फोल्डरात होणारा प्रत्येक बदल पुल रिक्वेस्टमधून, रिव्ह्यू होऊनच जातो.