घराचा विमा दुसऱ्या कंपनीत नेला, वर्षभरानंतरचा अनुभव (मुख्यतः फॉर्ममधल्या एका प्रश्नाबद्दल)

गेल्या महिन्यात क्लेमचे पैसे खात्यात आले म्हणून शेवटी लिहायला बसले. भारत गृह रक्षा (घराच्या विम्याची ठराविक पॉलिसी, मी तीच घेतली) यात काय येतं ते सगळीकडे आहे, ते परत लिहीत नाही. ही पॉलिसी आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना सारखीच द्यायला लावलीय, त्यामुळे फरक पडतो तो प्रीमियमचा आणि माणसांचा.

आमचा पुण्यातला फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला. २०१९ ला होम लोन घेतलं तेव्हा बँकेने ५ वर्षांची पॉलिसी लोनबरोबरच गळ्यात मारली होती, ती पण नुसती बांधकामाची, घरातल्या सामानाला काही नाही. ती २८ जून २०२४ ला संपत होती. रिन्युअलचा आकडा बघून मी ठरवलं की दुसरीकडे जायचं. नवीन कंपनीत १८ लाखाचं बांधकाम (बाजारभाव नाही, परत बांधायचा खर्च, कारपेट एरियावर) आणि त्याच्या २० टक्के म्हणजे ३ लाख ६० हजाराचं सामान आपोआप, आणि तरी वर्षाला जवळपास १,९०० रुपये कमी. मी पाच-पाच रुपयांचा हिशोब ठेवणारी बाई आहे, मला हे सोडवेना.

आता खरा मुद्दा. १४ जूनला रात्री गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपचा जॉइंट गेला. सकाळी उठलो तर हॉलचं पीओपी एका कोपऱ्यात फुगलेलं, पंख्याच्या रॉडवरून पाणी टपकतंय आणि सासूबाईंनी खाली दोन बादल्या आणि कणकेची परात लावून ठेवलेली. तेव्हा वाटलं आठ-दहा हजाराचं काम आहे, कोण क्लेम करत बसणार. २० जूनला नवीन कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला आणि त्यात तो प्रश्न आला, गेल्या तीन वर्षांत या घराचं काही नुकसान झालंय का किंवा क्लेम घेतलाय का. हो किंवा नाही, आणि हो म्हटलं तर क्लेमची रक्कम. बस. झालंय पण क्लेम केलेला नाही, कदाचित करू, हे लिहायला जागाच नाही!

एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, तुम्ही क्लेम घेतलाय का? नाही ना? मग नाही टाका, हो टाकलं की तुमची फाइल अडकते." मी नाही टाकणारच होते खरं तर. पण प्रश्न परत वाचला, त्यात आधी नुकसान लिहिलंय आणि मग क्लेम. म्हणजे घटना घडलीय का हे विचारतायत, पैसे घेतले का ते नंतर. इथे हेल्थ इन्शुरन्ससारखं पोर्टिंग (जुनी पॉलिसी पुढे चालू ठेवून कंपनी बदलणं) नसतं, जुनी पॉलिसी संपते आणि नवी कोरी सुरू होते, तिचा पाया म्हणजे आपण फॉर्मवर सांगितलेली माहिती, आणि उद्या काही झालं तर तोच फॉर्म पुढ्यात ठेवून म्हणणार तुम्ही लपवलंत. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही, फॉर्मवर नाव माझं आहे.

मग मी हो टाकलं, रकमेत शून्य टाकलं आणि कंपनीला वेगळा ईमेल केला, तारीख, काय फुटलं, काय भिजलं, अकरा फोटो, आणि जुन्या कंपनीकडे क्लेम करण्याची शक्यता आहे असं स्पष्ट वाक्य. आणि खरंच फाइल अडकली. अजून फोटो द्या, दुरुस्ती कधी करणार सांगा, असं करत पॉलिसी आली ३० जूनला. म्हणजे ऐन पावसाळ्यात दोन रात्री घराला काहीच विमा नाही. मला झोप लागली नाही हो. प्रीमियम वाढवला नाही पण एक ओळ जोडली की १४ जूनच्या घटनेचं नुकसान यात धरलेलं नाही. तेव्हा इथे एकच स्टार देणार होते.

दरम्यान पीओपीवाल्याने कोपरा खोलला तर आतली वायरिंग पण गेलेली, एस्टिमेट ६८ हजार. म्हणजे क्लेम करावाच लागणार होता. जुन्या कंपनीबद्दल माझं मत कायम वाईट, पण त्यांच्या कस्टमर केअरच्या मुलीने मला सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली की घटना त्यांच्या पॉलिसीच्या काळातली आहे म्हणजे क्लेम त्यांचाच, पण पॉलिसी चालू आहे तोवर आजच इंटिमेशन (नुकसान झाल्याची सूचना) द्या, एस्टिमेट मागून आणा. २६ जूनला क्लेम नंबर घेतला. नंतर ते दोन महिने हललेच नाहीत, तो भाग संतापजनकच होता, शेवटी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकली तेव्हा पीओपी आणि वायरिंगचे ३९ हजार मिळाले, सोफा आणि टीव्ही युनिट सामानात येतं म्हणून शून्य. ते बरोबरच होतं, पॉलिसी बांधकामाचीच होती.

आता नवीन कंपनीबद्दल मत का बदललं ते. २०२५ मध्ये पुण्यात मान्सून २६ मेलाच आला, त्याच्या आधीच्या आठवड्यात एका वादळात शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडून आमच्या हॉलच्या स्लायडिंग खिडकीवर आदळला. काच, फ्रेम, टीव्ही, पडदे, सगळं भिजलं. नुकसान तपासणारा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. आत आला आणि पहिल्यांदा वर बघितलं. पीओपी आम्ही नवीन केलं होतं पण भिंतीवर वरच्या बाजूला पिवळट कडेचा एक हातभर डाग राहिलेला, पैसे वाचवायला रंग पुढे ढकललेला. म्हणाला, "मॅडम, हे तर जुनं आहे."

माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला ईमेल दाखवला. त्याने आपल्या टॅबवर फाइल उघडली, त्यात माझे तेच अकरा फोटो होते, चौथा फोटो त्या भिंतीचा. टॅब भिंतीसमोर धरून दोन मिनिटं मिळवून बघितलं, "ठीक आहे, हे डिक्लेअर्ड आहे, हे सोडून बाकीचं घेतो." एवढंच. सर्व्हेचा रिपोर्ट १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय असा २०२४ पासूनचा नियम आहे, इथे १९ दिवसांत सगळं झालं, ४७,३०० मागितले त्यातले ४१,८५० आले.

त्या दिवशी मी नाही टाकलं असतं तर तो डाग बघून त्याने काय लिहिलं असतं याचा विचार अजून येतो मनात.

तर चार स्टार. एक कापला त्या दोन रात्रींसाठी. कंपनी बदलणाऱ्यांनी निदान पंधरा दिवस हातात ठेवून फॉर्म भरा, मी आठच ठेवले होते. या जूनला रिन्युअल करताना मी त्यांना परत लिहिलं की त्या प्रश्नाखाली चार ओळी लिहायला जागा द्या, हो-नाहीत सगळं बसत नाही. उत्तर आलंय की संबंधित विभागाकडे पाठवलंय. फॉर्म परवा एका मैत्रिणीसाठी उघडून बघितला, अजून तसाच आहे.